माहितीचा धनी

शाळेतील प्रकल्पवही महाराष्ट्रात कोठेही उघडून पाहिली, तरी तिची मांडणी फारशी निराळी आढळत नाही. रंगीत कागदाने मढविलेले मुखपृष्ठ, त्यावर टपोऱ्या अक्षरांत विद्यार्थ्याचे नाव व इयत्ता, आत मुख्याध्यापकांच्या सहीचे प्रमाणपत्र, त्यामागे अनुक्रमणिका, आणि मग 'ऋणनिर्देश' या मथळ्याचे एक संपूर्ण पान, ज्यावर मुख्याध्यापक, वर्गशिक्षक, आईवडील आणि मित्रमंडळी यांचे आभार ठरावीक शब्दांत मानलेले असतात. पुढे प्रस्तावना, उद्दिष्टे, माहितीचे संकलन, निरीक्षणे, निष्कर्ष, आणि सर्वांत शेवटी 'संदर्भ' या शब्दाखाली 'इंटरनेट' किंवा 'गुगल' एवढा एकच शब्द. ज्या पुस्तकातून, ज्या नोंदीतून अथवा ज्या माणसाच्या तोंडून तो सारा मजकूर आला, त्याचा मागमूस वहीत कोठेही लागत नाही. आभाराच्या पानावरही लागत नाही.

इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतमी या नद्यांच्या संगमाजवळ, गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व सरहद्दीवर वसलेल्या भामरागड तालुक्यात, जेथे पलीकडच्या काठावर छत्तीसगड सुरू होते आणि पर्लकोटेला पूर चढला की तालुक्याचे ठिकाण बाकीच्या मुलखापासून तुटून पडते, तेथल्या शाळांची प्रकल्पवहीही याच साच्याची. बाबा आमटे यांनी १९७३ च्या डिसेंबरात हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना केली, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तेथे दवाखाना उभा केला, आणि १९७६ साली तेथेच आश्रमशाळा सुरू झाली; शासकीय आश्रमशाळा आणि जिल्हा परिषदेच्या शाळाही या जंगलात आहेत. या शाळांतून शिकणारी बहुसंख्य मुले माडिया गोंड समाजाची. कातकरी आणि कोलाम यांच्याबरोबर माडिया गोंडांची गणना राज्यातील अतिअसुरक्षित आदिम जमातींत होते. जेथे रस्ता, औषध आणि शिक्षक यांचीच चणचण वर्षानुवर्षे भोगली गेली, तेथे संदर्भ कसा लिहावा याची चर्चा करणे हे कोणास चैनीचे वाटेल. मला मात्र असे वाटते, की या विषयाचे महत्त्व पुण्यामुंबईच्या शाळांपेक्षा भामरागडच्या शाळेतच अधिक आहे, कारण येथील मुलाच्या घरी जे ज्ञान नांदते ते बहुतांशी अद्याप कोणत्याही पुस्तकात उतरलेले नाही, आणि ते प्रथम ज्याच्या हातून कागदावर उतरेल तो बहुधा हाच मुलगा किंवा हीच मुलगी असेल.

प्रथम मुले उतरवून का काढतात, याचा न्याय्य विचार झाला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ साली दिलेल्या निर्देशानंतर पर्यावरण हा विषय शिक्षणक्रमात सक्तीचा होत गेला, आणि त्याच्याबरोबर प्रकल्पही आला. शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आल्यावर महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती घालून दिली. तिच्यातील आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत 'प्रकल्प' हे एक साधन ठरले. हेतू उत्तम होता. मुलाने स्वतः पाहावे, विचारावे, मोजावे, ताडून घ्यावे आणि मग लिहावे, हा तो हेतू. परंतु ज्या वर्गात सकाळपासून संध्याकाळपर्यंत 'फळ्यावरचे उतरवून घ्या' ही एकच आज्ञा चालते, ज्या परीक्षेत पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे लिहिणाऱ्यास पुरे गुण आणि स्वतःच्या शब्दांत लिहिणाऱ्यास निम्मे गुण मिळतात, त्या वर्गातील मुलाला प्रकल्पापुरते एकाएकी 'स्वतःचे लिही' असे सांगून काय उपयोग? नक्कल करण्याची तालीम शाळेनेच त्याला दिलेली असते.

भामरागडात याला आणखी एक पदर आहे. माडिया ही द्राविड कुळातील, गोंडीच्या परिवारातील भाषा. मराठीशी तिचे आनुवंशिक नाते नाही. घरात माडिया बोलणारे मूल शाळेत येते तेव्हा गुरुजींची मराठी ऐकते, आणि ती मराठीही अनेकदा झाडीपट्टीकडील वळणाची असते. पुस्तकातील मराठी ही त्याहून तिसरी. अशा मुलाला पाठ्यपुस्तकातील परिच्छेदाचा आशय समजला, तरी तो दुसऱ्या मराठी शब्दांत मांडण्याइतके शब्दधन त्याच्यापाशी नसते, म्हणून ते हाताशी असलेले वाक्यच धरून ठेवते. त्याला चोरी म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. परक्या भाषेत पाय रोवण्यासाठी घेतलेला तो आधार आहे, आणि आधार घेतला असे मोकळेपणाने लिहावयास शिकविणे हाच त्यावरचा उपाय आहे.

मोहाचे उदाहरण घेऊ. 'आपल्या परिसरातील एक वृक्ष' हा विषय दिला, की भामरागडातील निम्म्या मुलांच्या वहीत मोह येणार हे उघड आहे. दुकानात मिळणाऱ्या तयार प्रकल्पात अथवा संगणकावरून छापून आणलेल्या पानात त्या झाडाचे शास्त्रीय नाव, कुळ, उंची, पानांचा आकार आणि औषधी उपयोगांची एक यादी असते. मूल ती सुवाच्य अक्षरात उतरविते, शेजारी चित्र चिकटविते, आणि गुण मिळवते. आता हेच मूल मार्च-एप्रिलात, शाळेला येण्यापूर्वी, आईबरोबर टोपली घेऊन पहाटेच्या अंधारात मोहाखाली गेलेले असते. फुले रात्रीच्या उत्तरार्धापासून गळतात आणि उजाडता उजाडता वेचली नाहीत तर जनावरे खातात, हे त्याला ठाऊक असते. फुले वेचावयास सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा आधी झाडून वा जाळून जमीन स्वच्छ का करतात, अंगणात वाळत घातलेली फुले कितपत सुकली म्हणजे साठवावी, पावसाच्या तोंडाशी टोरी, म्हणजे मोहाचे बी, गोळा करून तिचे तेल कसे काढतात, कोणत्या पंडुमाआधी, म्हणजे सणाआधी, कोणते नवे फळ तोंडात घालावयाचे नाही, ही सारी माहिती त्याच्या घरात आहे. वहीत यापैकी एकही ओळ नसते. ज्या विषयात ते मूल स्वतःच जाणकार आहे त्या विषयावर त्याने कोठल्यातरी शहरातील अनामिक लेखकाचा मजकूर, त्या लेखकाचेही नाव न घेता, उतरवून द्यावा, आणि आजीचे ज्ञान मात्र 'माहिती' या सदरात बसतच नाही असे समजावे, ही गोष्ट मला अत्यंत खेदाची वाटते.

संदर्भ देणे ही विलायती विद्यापीठांतून आलेली रीत आहे, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. वस्तुस्थिती तशी नाही. ज्ञानेश्वरांनी गीतेवरील आपल्या टीकेत व्यासांचे, पूर्वीच्या भाष्यकारांचे आणि गुरू निवृत्तिनाथांचे ऋण पुनःपुन्हा सांगितले आहे. इतकेच काय, ज्याने ती टीका लिहून घेतली त्या सच्चिदानंदबाबांचे नावही ग्रंथाच्या अखेरीस आदराने आलेले आहे. पुढे तीनशे वर्षांत लेखकालेखकांच्या हातून त्या ग्रंथात पाठभेद शिरले, कोणी आपल्या ओव्या त्यात मिसळल्या, तेव्हा शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहून शुद्ध प्रत सिद्ध केली, आणि यापुढे कोणी स्वतःची ओवी ज्ञानदेवांच्या ग्रंथात घालू नये असा स्पष्ट इशारा दिला. दुसऱ्याचे शब्द आपले म्हणून मिरविणे हा जसा दोष, तसाच आपले शब्द दुसऱ्याच्या नावावर खपविणे हाही दोष, हे एकनाथांनी चारशे वर्षांपूर्वी ओळखले होते. अभंगाच्या शेवटच्या चरणात कवीचे नाव गुंफण्याची नाममुद्रेची चाल तर प्रत्येक मराठी मुलाच्या कानावर असते; नामयाची जनी कोण आणि तुका कोण, हे त्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

पेशवाईच्या दप्तरातही असल आणि नक्कल यांचा भेद कसोशीने पाळला जाई. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला आणि पुढे ती माला २२ खंडांपर्यंत गेली, ती सारी खटपट एकाच आग्रहापोटी होती: इतिहासातील प्रत्येक विधानामागे अस्सल कागद दाखविता आला पाहिजे. जुन्या घरांच्या माळ्यांवर कसर लागून पडलेले रुमाल सोडून, मोडीतील मिती लावून, ते कागद त्यांनी मिळविले. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० साली स्थापन झाले ते याच वृत्तीतून. आपल्या घरातील जुने कागद वाण्याच्या पुड्यांसाठी जाऊ नयेत, हे मध्यमवर्गीय मराठी माणसाला राजवाड्यांनी शिकविले. भामरागडच्या घरात कागद नाहीत, माणसे आहेत, आणि त्यांचे वय होत चालले आहे, एवढाच काय तो फरक.

माणसाच्या तोंडचे ज्ञान नोंदले गेले नाही तर काय होते, याची एक कथा साऱ्या देशाला ठाऊक झाली. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला हळदीच्या जखम भरून काढण्याच्या गुणाबद्दल पेटंट देण्यात आले. जखमेवर हळद दाबणे ही आपल्याकडील कोणत्याही आजीची पहिली हालचाल. परंतु अमेरिकेच्या तत्कालीन कायद्यानुसार परदेशातील लोकांना एखादी गोष्ट माहीत आहे किंवा ते ती वापरतात एवढ्याने भागत नसे, ती कोठे तरी छापून प्रसिद्ध झालेली असावी लागे. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे तत्कालीन महासंचालक, गोव्यातील माशेलचे सुपुत्र डॉ. रघुनाथ माशेलकर यांनी हे आव्हान स्वीकारले, आणि परिषदेने ३२ संदर्भ गोळा करून अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढे मांडले; त्यांत जुने संस्कृत ग्रंथ होते आणि १९५३ साली भारतीय वैद्यकीय संघटनेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेला एक निबंधही होता. ऑगस्ट १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. कोट्यवधी आज्यांची साक्ष ज्या दरबारी ग्राह्य धरली जात नव्हती, तेथे कोणी तरी, कधी तरी, नीट तारीखवार लिहून ठेवलेली पाने उपयोगी पडली.

आपल्या देशाच्या कायद्याने या बाबतीत अधिक उदार भूमिका घेतली आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ साली जी दुरुस्ती झाली तिच्यामुळे, एखाद्या स्थानिक अथवा आदिवासी समाजात तोंडी परंपरेने चालत आलेले ज्ञान हे देखील पेटंटाला हरकत घेण्याचे वैध कारण ठरले. तसेच शोधात वापरलेली वनस्पती किंवा अन्य जैविक सामग्री कोठून आणली हे सांगितले नाही, किंवा खोटे सांगितले, तर तेही हरकतीचे कारण ठरले. ज्या वर्षी ही दुरुस्ती झाली त्याच वर्षी जैवविविधता कायदा संमत झाला, आणि त्याखालील नियमांनुसार प्रत्येक स्थानिक संस्थेच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीने 'लोक जैवविविधता नोंदवही' तयार करावयाची आहे. या कल्पनेमागे डॉ. माधव गाडगीळ यांचे दीर्घकाळचे काम होते, आणि गडचिरोली जिल्ह्यातीलच धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या गावाशी त्यांचा निकटचा संबंध होता, जेथील ग्रामसभेने अभ्यासगट चालवून आपल्या जंगलाचा स्वतः अभ्यास केला आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. नोंदवहीच्या नमुन्यात वनस्पतीचे स्थानिक नाव, ती कोठे आढळते, कशासाठी वापरतात, या रकान्यांबरोबर ज्ञान कोणाचे हे सांगणारा रकानाही असतो. शाळेच्या प्रकल्पवहीत नेमका हाच रकाना नसतो.

तो रकाना भरण्याचे मोठे काम मराठीत झालेले आहे, आणि ते प्रत्येक शिक्षकाने मुलांना दाखवावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरील ओव्यांचे जे संकलन केले, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या हजाराहून अधिक गावांतून गोळा झाल्या, आणि त्या गाणाऱ्या स्त्रिया तीन हजारांहून अधिक आहेत. लोकगीत म्हणजे 'अनामिक' असे म्हणून मोकळे होण्याची पूर्वापार सवय असताना, या संकलनात ओवी कोणी गायिली, ती कोणत्या गावची, हे जपून ठेवलेले आहे. मुळशीच्या अथवा मावळच्या एखाद्या शेतकरी बाईचे नाव तिच्या ओवीखाली वाचताना ओवीचा अर्थच अधिक उजळतो असा माझा अनुभव आहे, कारण मग तिच्या गावचा घाट, तिचा सासुरवास आणि तिच्या भावाची वाट पाहणे हे सारे एका विशिष्ट बाईचे होते. गडचिरोलीपुरते बोलायचे तर डॉ. राणी बंग यांचे 'गोईण' हे पुस्तक आहे, ज्यात या जिल्ह्यातील आदिवासी स्त्रियांचे झाडांशी असलेले नाते त्या स्त्रियांच्याच सांगण्यावरून उभे राहिले आहे. प्रकल्पासाठी मोह, तेंदू किंवा साग निवडणाऱ्या मुलाच्या हाती ते अवश्य द्यावे. गोटुलात, म्हणजे गावातील तरुणांच्या एकत्र जमण्याच्या घरात, रेला गाणी म्हणणाऱ्या मुलीला गाणे कोणाकडून शिकलीस असे विचारले, तर ती सहज सांगेल. विचारणारा हवा.

आता ही नोंद लिहावी कशी? पुस्तकाची नोंद शिकविणे त्या मानाने सोपे आहे, कारण नमुना मुलाच्या दप्तरातच असतो. बालभारतीच्या मराठी पाठ्यपुस्तकात पाठाबरोबर लेखकाचा परिचय दिलेला असतो, आणि अनेक ठिकाणी पाठ मुळात कोणत्या पुस्तकातून घेतला तेही नमूद असते. मराठी विश्वकोशातील नोंदींखाली लेखकाचे नाव आणि संदर्भग्रंथांची यादी असते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईहून निघालेला हा कोश आता संगणकावरही खुला आहे. लेखक, पुस्तक, प्रकाशक, वर्ष, पृष्ठ, या पाच गोष्टी सहावीसातवीच्या मुलाला एका तासात समजतात. पुस्तकातील वाक्य जसेच्या तसे घेतले तर त्याला अवतरणचिन्ह द्यावे, आशय घेऊन आपल्या शब्दांत मांडला तरी नाव द्यावेच, हेही समजते. 'गुगल' हा संदर्भ का नव्हे, तेही त्याला पटते: भामरागडहून आलापल्लीला गेलो असे सांगण्याऐवजी 'एसटीने गेलो' एवढेच सांगितले तर कोठे गेलो हे ऐकणाऱ्याला कळत नाही, तसेच ते. ज्या पानावर जाऊन वाचले त्या पानाचे आणि ते लिहिणाऱ्याचे नाव घ्यावयाचे, आणि वाचल्याची तारीख द्यावयाची. अलीकडे यंत्राकडून मजकूर रचून घेण्याची जी सोय मोबाइलवर आली आहे तिच्या बाबतीत तर अधिकच सावधपणा हवा, कारण ते यंत्र नसलेले ग्रंथ आणि नसलेले निवाडे बेधडक सांगते. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली दोन वकिलांनी असे काल्पनिक निवाडे न्यायालयापुढे ठेवले आणि त्यांच्यावर पाच हजार डॉलरांच्या दंडाची नामुष्की आली.

माणसाची नोंद लिहिणे मात्र स्वतंत्रपणे शिकवावे लागते, आणि भामरागडात तिचाच आरंभ आधी करावा असे माझे आग्रहाचे मत आहे. समजा, आठवीतील एका मुलीने टोरीच्या तेलाविषयी आजीला विचारले. तिच्या वहीत त्या परिच्छेदाखाली असे असावे: 'सांगणारी – माझ्या आईची आई, गाव – आरेवाडा, तालुका भामरागड, विचारले तो दिवस – दिवाळीच्या सुटीतील रविवार, तारीख अमुक, आजीने माडियात सांगितले, मराठी मी केले, तेल काढताना मी स्वतः पाहिले आहे, औषध म्हणून लावलेले पाहिलेले नाही.' या चार ओळींत किती गोष्टी आल्या पाहा. बोलणारी कोण हे आले. भाषांतर कोणाचे हे आले, आणि भाषांतरात चूक असेल तर ती आजीची नव्हे, नातीची, हेही आपोआप ठरले. शेवटच्या वाक्याने डोळ्यांनी पाहिलेले आणि कानांनी ऐकलेले यांची फारकत झाली, जी कोणत्याही शास्त्राची पहिली पायरी आहे. ज्या मुलीने एकदा अशी नोंद लिहिली, तिला पुस्तकाखाली लेखकाचे नाव लिहिताना कोणाच्या धाकाची गरज राहत नाही, कारण नाव गाळले तर काय गाळले जाते, हे तिने आजीच्या संदर्भात अनुभवलेले असते.

शिक्षकालाही यातून एक मोठी सोय होते. अशा प्रकल्पाची नक्कल करताच येत नाही. तालुक्यातील चाळीस मुलांनी मोह हाच विषय घेतला तरी चाळीस आज्या निराळ्या, आणि त्यांचे म्हणणे ताडून पाहिले तर कोठे जुळते, कोठे जुळत नाही, यावर आणखी एक प्रकल्प होईल. १९९३ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत स्थानिक प्रश्नांवरील मुलांच्या प्रकल्पांना जे स्थान आहे, ते अशाच कामासाठी आहे.

एक गोष्ट येथे गांभीर्याने सांगितली पाहिजे. नाव लिहिणे ही भामरागडात नेहमीच निरुपद्रवी गोष्ट नसते. ज्या मुलखातील माणसे कित्येक वर्षे नक्षलवादी आणि पोलीस या दोन बाजूंच्या बंदुकांमध्ये जगली, जेथे कोण कोणाशी बोलले याची चौकशी जिवावर बेतलेली लोकांनी पाहिली आहे, तेथे कोणी वही काढून 'तुमचे पूर्ण नाव सांगा' म्हटले तर समोरचा माणूस गप्प होतो, आणि त्याचे गप्प होणे शहाणपणाचे असते. म्हणून मुलाने आधी विचारावे: नाव लिहू का? नको म्हटले तर 'गावातील एका वृद्ध पुरुषाने सांगितले' एवढे लिहावे, गावाचेही नाव नको असेल तर तालुका लिहावा, आणि तेवढ्याने नोंद खोटी ठरत नाही. काही ज्ञान असेही असते, की ते सांगणाऱ्याला ते वहीत येऊ द्यायचे नसते. एखादे मूळ कोणत्या दुखण्यावर देतात हे पेरमा, म्हणजे गावचा पुजारी, किंवा औषध देणारा जाणता माणूस नातवाला सांगेल, पण शाळेत सांगू नकोस असेही बजावेल. ती मर्यादा पाळणे हादेखील मूळ धन्याच्या हक्काचा स्वीकार आहे, आणि मुलाने ती पाळली म्हणून त्याचे गुण कापणाऱ्या शिक्षकाने संदर्भाचा अर्थच ओळखला नाही असे मी म्हणेन.

गुणांची गोष्ट निघालीच आहे, तर शिक्षकाच्या वाट्याचे कामही सांगावे. सजावटीला आणि अक्षराला जे गुण दिले जातात त्यांतील काही काढून ते नोंदीकडे वळवावे. उतरवून काढलेला मजकूर सापडला तर पहिल्या वेळी वही फेकून न देता, 'हे कोठून घेतलेस ते खाली लिही' असे सांगावे, मूल लिहिते. आणि सर्वांत आधी स्वतः फळ्यावर टिपण उतरवून देताना, हे मी अमुक पुस्तकातून घेतले आहे असे खडूने कोपऱ्यात लिहावे. ज्या वर्गात गुरुजी आपला आधार उघड करतात, त्या वर्गातील मुलांना आधार उघड करण्याची लाज वाटत नाही. हे बारावीपर्यंत शिकविले गेले नाही, तर पुढे गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात किंवा अन्यत्र प्रबंध लिहावयास बसलेल्या त्याच विद्यार्थ्यापुढे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम उभे राहतात. त्यांत दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य क्षम्य, आणि साठ टक्क्यांहून अधिक साम्य आढळल्यास त्या अभ्यासक्रमातील नोंदणी रद्द होते. बारा वर्षे ज्या कृतीला शाबासकी मिळाली तिलाच तेराव्या वर्षी शिक्षा, हा प्रकार त्या तरुणाच्या दृष्टीने किती अनाकलनीय असेल! त्यातही ज्याच्या घराण्यात तो पहिलाच पदवीधर व्हायचा आहे, त्याला सावरून घ्यायला घरी कोणी नसते.

वर्ष संपले की या वह्यांचे काय होते, हेही पाहिले पाहिजे. तपासून, गुण नोंदवून झाल्यावर बहुतेक शाळांत त्या गठ्ठ्याने रद्दीत जातात. उतरवून काढलेल्या वह्यांबद्दल त्याचे दुःख नाही. परंतु ज्या वहीत आजीने सांगितलेले चार परिच्छेद तारखेसह आणि गावासह आहेत, ती वही म्हणजे त्या गावाचा दस्तऐवज आहे. तिची एक प्रत शाळेने जपून ठेवावी आणि, सांगणाऱ्याची हरकत नसेल तर, एक प्रत स्थानिक जैवविविधता व्यवस्थापन समितीकडे द्यावी, म्हणजे नोंदवही भरण्यासाठी बाहेरून माणसे बोलावण्याचे काही प्रमाणात तरी टळेल. त्याआधी मुलीने ते पान घरी न्यावे आणि आजीला माडियात वाचून दाखवावे. टोरी उकडण्याआधी किती दिवस वाळवावी हे नातीने चुकीचे लिहिले असेल, तर आजी तेथेच सांगेल; मग त्या ओळीवर एक साधी रेघ मारून, वर दुरुस्ती लिहून, शेजारी त्या दिवसाची तारीख घालावी.